दाभोळपासून महिन्याची वाट

पंधराव्या शतकात दाभोळच्या बंदरात उतरवलेला अरबी घोडा बिदरच्या किंवा गुलबर्ग्याच्या बाजारात पोचायला महिना लागे. हा हिशेब अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवला आहे. दाभोळ हे फार मोठे बंदर आहे, मिसर, अरबस्तान, खुरासान अशा मुलखांतून तिथे घोडे येतात आणि तिथून खुश्कीने बिदरला व गुलबर्ग्याला जायला महिना लागतो, अशी त्याची नोंद आहे. दाभोळची ओळख करून देताना त्याला शेजारची कोकणी गावे आठवली नाहीत. त्याला आठवली सह्याद्रीपलीकडची, समुद्रापासून शेकडो मैलांवरची दोन शहरे.

बंदरामुळे शहर वाढते असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई येतात. धक्का बांधला, गोदामे उठली, पेढ्या आल्या, गिरण्या आल्या आणि किनाऱ्यावर महानगर उभे राहिले, ही गोष्ट आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग भीमा, कारंजा आणि मांजरा नद्यांच्या खोऱ्यांत घडला आहे. आजच्या कलबुर्गी, म्हणजे जुन्या गुलबर्गा, आणि बिदर जिल्ह्यांत समुद्राचा वाराही पोचत नाही. तरी या दोन शहरांचे चढउतार सातशे वर्षे कोकणच्या बंदरांनी ठरवले. बंदर हाती होते तेव्हा इथे राजधान्या झाल्या, बंदर सुटले तेव्हा त्या ओस पडत गेल्या आणि नवे बंदर उभे राहिले तेव्हा त्याच्याकडे जाणारी वाट ज्या गावावरून गेली तेच गाव पुढे आले.

तगरचा माल आणि कल्याणचा अडसर

ही रीत पंधराव्या शतकाच्याही फार आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे तीत म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर, कलबुर्गीच्या वायव्येला, त्याच पठारावर. तिथले कापड गाड्यांवर लादून लांबच्या खडतर रस्त्याने भडोचला जाई.

तेरला भडोचपेक्षा कल्याणचे बंदर जवळचे होते. मग माल इतक्या लांब का जात होता? याचे उत्तरही पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण पुढे तिथली सत्ता बदलली, व्यापारावर अडसर आला आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजे पहारा ठेवून भडोचला नेली जाऊ लागली. किनाऱ्यावरच्या दोन सत्तांच्या भांडणामुळे पठारावरच्या विणकराच्या कापडाची वाट कित्येक दिवसांनी लांबली. तगरच्या माणसाला त्या भांडणात बोलायला जागा नव्हती, पण त्याचा भुर्दंड त्याच्या मालावर पडत होता. पुढच्या प्रत्येक युगात हेच वेगवेगळ्या नावांनी घडत राहिले.

गुलबर्गा: दुआबाजवळची राजधानी

३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबादेत अलाउद्दीन हसन बहमनशाहाने स्वतःला सुलतान म्हणवले आणि दिल्लीच्या तुघलकांपासून दख्खन वेगळे झाले. राजधानीसाठी त्याने गुलबर्गा निवडले. दौलताबादचा किल्ला बेलाग असला तरी तो उत्तरेच्या वाटेवर होता आणि दिल्लीची फौज तिथे पुन्हा येऊ शकत होती. नव्या राज्याची खरी लढाई दक्षिणेला, कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधल्या रायचूर दुआबासाठी विजयनगरशी होणार होती. गुलबर्गा त्या सीमेजवळ होते आणि भोवती भीमेच्या खोऱ्यातली काळी जमीन होती. ज्वारी, तूर, हरभरा पिकवणारी ही जमीन मोठी छावणी पोसू शकत होती.

पण ही लढाई घोडदळाची होती आणि घोडा या जमिनीत पिकत नव्हता. इथे घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात, हे निकितिननेही पाहिले होते. चांगला लढाऊ घोडा इराणच्या आखातातून, होर्मुझच्या बाजूने, जहाजाने यायचा. दख्खनच्या उन्हात तो फार टिकत नसे, म्हणून नवे घोडे दर हंगामाला लागत. विजयनगरचीही तीच गरज होती. त्यामुळे दुआबात कोण जिंकणार हे पुष्कळसे कोणाच्या बंदरात घोड्यांची गलबते लागतात यावर अवलंबून होते.

पहिल्या बहमनी सुलतानाने राज्याच्या चार तरफा, म्हणजे सुभे, केल्या, त्यांत ही जाणीव स्पष्ट दिसते. इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे गुलबर्ग्याची तरफ पश्चिमेला थेट दाभोळपर्यंत पोचत होती आणि चौलचे बंदर आणि जुन्नर दौलताबादच्या तरफेत होते. म्हणजे राजधानीचा सुभा घाट उतरून खाडीच्या मुखापर्यंत गेलेला होता. वाशिष्ठीच्या खाडीतून माल चिपळूणच्या बाजूला चढवायचा, कुंभार्लीसारख्या घाटाने कऱ्हाडच्या मैदानात यायचे आणि तिथून भीमेच्या दिशेने पूर्वेला निघायचे, असा तो प्रदेश. चौलहून निघणारी वाट सह्याद्री चढून जुन्नरला येई.

या वाटांनी माणसेही आली. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची आहे आणि ती बांधणारा रफी हा इराणमधल्या कझवीनचा. मोकळे अंगण न ठेवता सगळी मशीद घुमटांखाली घेण्याची ही रचना या देशात फारच विरळ आहे. पुढे फिरोजशाहाने, १३९७ ते १४२२ या आपल्या कारकिर्दीत, दरवर्षी जहाजे परदेशी पाठवण्याचा रिवाज घातला. देशोदेशीचा माल तर आणावाच, पण त्याहून अधिक म्हणजे गुणी आणि विद्वान माणसे आणावीत, ही त्याची आज्ञा फिरिश्त्याने नोंदली आहे. याच गुलबर्ग्यात त्याच काळात दिल्लीकडून सूफी संत ख्वाजा बंदेनवाज आले. आज या शहराची पहिली ओळख त्यांचा दर्गा आहे. उत्तरेकडून आलेली सूफी परंपरा आणि पश्चिमेच्या समुद्रावरून आलेली इराणी कारागिरी इथे एकत्र आली. दख्खनी म्हणून जी संस्कृती आपण ओळखतो तिचा हा पाया आहे.

मात्र १३८० च्या सुमारास विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा जिंकले होते. पुढची सुमारे नव्वद वर्षे पश्चिम किनाऱ्यावरचे ते उत्तम बंदर बहमनींच्या हाती नव्हते आणि तिथे उतरणारे घोडे विजयनगरच्या पागेत जात होते.

व्यापाऱ्यांचा राजा

फिरोजशाहानंतर त्याचा भाऊ अहमदशाह गादीवर आला. ही गादी मिळवताना त्याला एका व्यापाऱ्याने हात दिला होता. त्याचे नाव खलफ हसन, राहणारा बसऱ्याचा. फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने व्यापाऱ्यांचे घोडे आणि वंजाऱ्यांचे बैल जमवून दुरून मोठे घोडदळ भासेल अशी युक्ती केली आणि शत्रूची फौज बिचकली. अहमदशाहाने त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला आणि दरबारात वरच्या पदावर बसवले. समुद्रावरून आलेला सौदागर राज्याचा कारभारी होऊ शकतो, हे त्या दिवसापासून दख्खनमध्ये पक्के झाले.

१४३० च्या सुमारास अहमदशाहाने राजधानी बिदरला नेली. बिदर जांभ्या खडकाच्या उंच कड्यावर आहे, हवा थंड, पाणी चांगले आणि राज्याच्या मधोमध. मराठी, कन्नड आणि तेलुगू हे तिन्ही मुलूख तिथून सारखेच हाताशी येत. राजधानी पूर्वेला सरकली, पण सुलतानाची नजर पश्चिमेलाच राहिली. त्याच सुमारास खलफ हसनच्या फौजेने माहीमचे बेट, म्हणजे आजच्या मुंबईचा एक तुकडा, गुजरातच्या सुलतानाकडून हिसकावला. गुजरातने आरमार आणि फौज पाठवून ते परत घेतले. चार शतकांनी ज्या बेटांवर आशियातले एक मोठे बंदर उभे राहणार होते त्यांच्यासाठी बिदरच्या फौजा लढल्या आणि हरल्या, ही घटना आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

कोकणची गोष्ट आणखी अवघड होती. बंदरे सुलतानाची असली तरी बंदर आणि राजधानी यांच्यामधला डोंगर त्याचा नव्हता. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, या पट्ट्यात स्थानिक राजांचे राज्य होते. शिर्के हे त्यांतले बलवान घराणे. पंधराव्या शतकाच्या मध्यास खलफ हसन मोठी फौज घेऊन या रानात शिरला. शिर्क्यांनी वाट दाखवण्याचे कबूल केले, फौजेला दाट जंगलात नेले आणि तिथे तिचा फडशा पाडला. व्यापाऱ्यांचा राजा त्याच रानात मारला गेला. सह्याद्रीच्या माणसांना डावलून बंदराची वाट चालत नाही, हा धडा बिदरला फार महागात मिळाला.

निकितिनचा घोडा आणि आळंदची जत्रा

त्वेर गावचा निकितिन होर्मुझहून गलबतात चढला तेव्हा त्याच्यासोबत विकायला एक घोडा होता. चौलला उतरून पाली, उमरी असे करत तो जुन्नरला आला. तोवर पावसाळा लागला होता. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो आपल्या पावसाळ्याचे वर्णन करतो. घोड्यांना इथे हरभरा घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही तो लिहितो. परदेशी घोडा दख्खनच्या हवेत जगवायची ही धडपड होती.

जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच तो परत मिळेल असे बजावले. खुरासानच्या एका ख्वाजाने मध्यस्थी केली म्हणून निकितिन आणि त्याचा घोडा दोघेही सुटले. या एका प्रसंगात त्या वाटेचा कारभार कळतो. बंदरापासून राजधानीपर्यंत प्रत्येक ठाण्यावर अधिकारी बसलेला असे, घोडा ही त्याच्या डोळ्यात भरणारी दौलत होती आणि व्यापाऱ्याचे संरक्षण कायद्यापेक्षा ओळखीवर चाले. शेवटी तो घोडा बिदरला विकला गेला. बिदरमध्ये घोडे, रेशीम आणि किनखापाचा व्यापार चालतो, सरदार अतिशय श्रीमंत आहेत आणि खेड्यातली माणसे फार दरिद्री आहेत, असे निकितिन लिहितो. बंदराची कमाई दरबारात पोचत होती, शिवारापर्यंत मात्र ती पोचत नव्हती.

आळंदच्या लोकांनी जपून ठेवावी अशी एक नोंदही त्याच्या लिखाणात आहे. शेख अलाउद्दीनच्या नावाने वर्षातून एकदा दहा दिवसांचा मोठा बाजार भरतो, सगळ्या हिंदुस्थानातून व्यापारी येतात आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असे तो म्हणतो. अभ्यासक हे ठिकाण कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद मानतात. तिथे शेख अलाउद्दीन अन्सारी, म्हणजे लाडले मशायख, यांचा दर्गा आजही आहे. वीस हजारांचा आकडा ऐकीव असेल, पण होर्मुझहून निघालेल्या घोड्याची शेवटची पेठ आळंदची काळी माती होती, एवढे त्यातून नक्की कळते. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलणारे हे गाव एकेकाळी इराणी आखाताच्या व्यापाराचे टोक होते.

महमूद गवान आणि गोव्याचा विजय

१४५३ साली दाभोळला आणखी एक व्यापारी उतरला. ख्वाजा महमूद गवान इराणच्या गिलान प्रांतातला होता आणि वयाची चाळिशी ओलांडलेला होता. बिदर पाहून पुढे दिल्लीला जायचा त्याचा विचार होता. सुलतानाने त्याला ठेवून घेतले. पुढे मलिक-उत्-तुज्जार हा किताब त्याला मिळाला आणि तो राज्याचा वजीर झाला. त्याने आधीच्या पराभवाचा नीट अभ्यास केलेला दिसतो. १४६९ च्या सुमारास तो कोकणात उतरला तेव्हा एका झटक्यात जिंकायच्या भरीस पडला नाही. त्याने जंगल तोडले, वाटा मोकळ्या केल्या, पावसाळ्यात मागे हटून पुन्हा चढाई केली आणि एकेक गड घेतला. संगमेश्वर आणि खेळण्याच्या राजांची जहाजे व्यापारी आणि यात्रेकरूंची गलबते लुटत, ती वाट त्याने बंद केली.

मग तो गोव्याकडे वळला. फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे समुद्रावरून १२० जहाजे आणि जमिनीवरून फौज अशी दुहेरी चढाई करून त्याने १ फेब्रुवारी १४७२ रोजी गोवा घेतले. विजयनगरच्या पागेचा मुख्य दरवाजा त्या दिवशी बंद झाला. बिदरमध्ये मोठा उत्सव झाला, स्वतः सुलतान गवानच्या घरी आठवडाभर राहिला. फिरिश्ता पुढे सांगतो, सुलतान गेल्यावर गवान एकटाच खोलीत जाऊन रडला आणि आपली दौलत त्याने वाटून टाकली. घोडे आणि हत्ती सुलतानाचे, ग्रंथ मदरशाच्या विद्यार्थ्यांचे, म्हणून तेवढे ठेवले.

तो मदरसा त्याच वर्षी, १४७२ मध्ये, बिदरमध्ये पूर्ण झाला. तीन मजली इमारत, रंगीत इराणी फरशांनी मढवलेला दर्शनी भाग, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह. गवानने देशोदेशीच्या विद्वानांना पत्रे लिहून इथे बोलावले. त्याची ही पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या संग्रहात आजही वाचायला मिळतात. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, झालेल्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला. उरलेला मनोरा आणि निळ्या फरशा पाहताना हे लक्षात ठेवावे की गोव्याचा विजय आणि हे विद्यापीठ एकाच वर्षाचे आहेत, एकाच माणसाच्या हातचे आहेत. बंदरातून येणाऱ्या पैशाचे शहरासाठी काय करावे, याचे गवानइतके उत्तम उत्तर त्या काळात दुसऱ्या कोणी दिलेले मला दिसत नाही. स्वतःच्या खर्चासाठी तो परदेशातून आणलेल्या चाळीस हजार लारी नाण्यांच्या भांडवलावरचा व्यापारच चालवत राहिला, राज्याच्या खजिन्याला त्याने हात लावला नाही, असेही फिरिश्ता सांगतो.

५ एप्रिल १४८१ रोजी दरबारातल्या गटबाजीने त्याचा घात केला. बनावट पत्र पुढे करून सुलतानाकडून त्याचा शिरच्छेद करवण्यात आला.

समुद्र सुटला

गवान गेला आणि किनारा बिदरच्या हातून निसटू लागला. गोव्यात बहादूर गिलानी नावाचा कोतवाल बंड करून बसला. त्याने दाभोळ घेतले, गुजरातची जहाजे लुटली, आणि गुजरातच्या सुलतानाने बिदरकडे जाब मागितला. बिदरच्या सुलतानाला स्वतःच्याच कोतवालाविरुद्ध मोठी मोहीम काढावी लागली. १४९४ मध्ये बहादूर मारला गेला, पण तोवर राज्याचे तुकडे पडले होते. दाभोळ आणि गोवा विजापूरच्या युसुफ आदिलखानाकडे गेले, चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे. पूर्वेला मच्छलीपट्टणचा किनारा गोवळकोंड्याच्या वाट्याला आला. बिदर बरीदांकडे राहिले, वऱ्हाड इमादशाहाकडे. या दोघांना समुद्र नव्हता.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. वऱ्हाड १५७४ मध्ये अहमदनगरने गिळले, बिदर १६१९ मध्ये विजापूरने. अहमदनगर १६३६ पर्यंत, विजापूर १६८६ पर्यंत आणि गोवळकोंडा १६८७ पर्यंत तग धरून राहिले, आणि तेही मोगलांपुढेच पडले. मुलूख किती मोठा, वारसातले तंटे कसे सुटले, सेनापती कसे मिळाले, याही गोष्टी यात होत्या. तरीही पाच शाह्यांपैकी ज्या दोघांना बंदर नव्हते त्याच दोन आधी बुडाल्या आणि उरलेल्या तिघांनी विजापूरचा गोलघुमट, हैदराबादचा चारमिनार अशी कामे उभी केली, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. बंदराच्या जकातीतून राज्याला पैसा मिळे आणि घोड्यांतून फौज उभी राही. ही दोन्ही नसली की किल्ले आणि परंपरा असूनही राज्य खंगत जाते.

गुलबर्गा विजापूरच्या ताब्यात गेले आणि एका सरहद्दीच्या किल्ल्यापुरते उरले. किनाऱ्यावरही उलथापालथ झाली. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांच्या आल्मेदाने दाभोळ जाळले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने गोवा घेतले आणि घोड्यांचा व्यापार गोव्याच्याच धक्क्यावर यावा अशी सक्ती केली. विजापूर असो वा विजयनगर, घोड्यासाठी दोघांना पोर्तुगीजांच्या दारात जावे लागू लागले. कालांतराने चौलच्या खाडीत गाळ साचला, दाभोळचा व्यापार आटला. एकेकाळी मिसर-खुरासानच्या गलबतांनी गजबजलेली ही दोन्ही बंदरे आज रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली नारळ-सुपारीची शांत गावे आहेत.

मुंबई उभी राहते, रूळ गुलबर्ग्यावरून जातात

अठराव्या शतकात हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. मच्छलीपट्टणचा किनारा निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेला आणि एवढे मोठे संस्थान समुद्राविना राहिले. ही सल शेवटपर्यंत गेली नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईच्या आधीच्या धामधुमीत मार्मागोव्याच्या बंदराकडे वाट मिळावी म्हणून पोर्तुगीजांशी बोलणी करण्याचे प्रयत्न झाले, त्यामागे हीच अडचण होती.

दरम्यान पश्चिम किनाऱ्यावर नवे बंदर उभे राहत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. या बंदराला कापूस, तेलबिया, धान्य लागत होते आणि ते घाटमाथ्यावर होते. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट फोडला. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रूळ पोचले होते, १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेशी गाठ पडली. ही वाट गुलबर्ग्यावरून गेली.

दाभोळची महिन्याची वाट आता एक-दोन दिवसांची झाली, फक्त तिचे दुसरे टोक बदलले होते. हैदराबाद शहरालाही ही मुख्य वाट मिळाली नाही. १८७४ मध्ये निजामाच्या पैशाने वाडीहून सिकंदराबादपर्यंत वेगळा फाटा काढावा लागला आणि वाडी हे छोटे गाव भारताच्या नकाशावरचे मोठे जंक्शन झाले. गुलबर्गा निजामाच्या सुभ्याचे ठाणे झाले, कापसाच्या पेठा वाढल्या, महबूबशाही गिरणी उभी राहिली. तिच्या नावाने एमएसके मिल हा भाग आजही ओळखला जातो. मुंबई, पुणे, सोलापूरशी रोजचे येणे-जाणे सुरू झाले आणि इथल्या मराठी समाजालाही बळ मिळाले. १९०७ मध्ये स्थापन झालेली नूतन विद्यालय ही संस्था त्याच काळातली.

या रुळांनी पश्चिमेला काय नेले हे महाराष्ट्रातल्या घराघरांत पायांखाली आहे. शहाबादच्या खाणींतला निळसर राखाडी दगड रेल्वेने सोलापूर, पुणे, मुंबईला गेला आणि स्वयंपाकघर, अंगण, ओटा, फलाट सगळीकडे शहाबादी फरशी बसली. त्याच चुनखडीवर पुढे शहाबादला सिमेंटचा कारखाना निघाला, जो १९३६ मध्ये एसीसीत सामील झाला. १९६८ मध्ये वाडीला आणखी मोठा कारखाना आला.

बिदर मात्र बाजूला पडले. बहमनी काळात जे वैभवात गुलबर्ग्याच्या पुढे गेले होते त्या शहराला रेल्वे मिळायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक संपावे लागले, आणि तीही विकाराबादच्या बाजूने. बिदर-कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा थेट मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. दोन जुन्या राजधान्या रुळांनी जोडल्या जाण्यासाठी १८७१ नंतर १४६ वर्षे जावी लागली. २०११ च्या जनगणनेत कलबुर्गी शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या घरात होती आणि बिदरची दोन लाखांच्या थोडी वर. या फरकाची सगळी नाही तरी मोठी जबाबदारी मुंबई बंदराकडे जाणाऱ्या त्या एका रुळाच्या वळणावर आहे.

आजची जकात

१९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबईचा मोठा व्यापार खाडीपलीकडे सरकला. बंदराचा परिणाम आजही कलबुर्गीच्या बाजार समितीत तुरीच्या भावात दिसतो. ही भूमी तुरीची आहे, इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मोझांबिक, टांझानिया, म्यानमारची तूर जहाजातून बंदरांवर उतरली की आळंद, चिंचोळी, सेडमच्या शेतकऱ्याचा भाव हलतो. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार केला. त्याच हंगामात देशात विक्रमी पीक आले, बोनससह ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव असताना बाजारातला दर त्याखाली गेला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारला आयातीवर मर्यादा घालावी लागली. तोवर बहुतेकांची तूर घराबाहेर पडली होती. तगरच्या विणकराचे जे झाले तेच झाले: निर्णय किनाऱ्यावर झाला आणि त्याचा भार पठारावर पडला.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. तिथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. ज्यांचा समुद्र जातो त्यांचे म्हणणे आधी ऐकले जावे, हे संगमेश्वरच्या रानातल्या त्या पराभवाने साडेपाचशे वर्षांपूर्वी शिकवले आहे. नवी बंदरे आखली जात असताना पठारावरच्या माणसांनी गप्प बसू नये, हे या इतिहासाचे सांगणे आहे. मालगाडीचे रूळ कोणत्या जिल्ह्यातून जाणार, गोदामे आणि डाळ गिरण्या कुठे येणार, बिदर-कलबुर्गीचा माल त्या बंदरात कोणत्या दराने पोचणार, आयातीचे वेळापत्रक इथली सुगी पाहून ठरणार का, हे प्रश्न आत्ताच विचारायचे आहेत. रूळ टाकून झाल्यावर विचारले तर काय होते, हे बिदरने १४६ वर्षे भोगले आहे. आणि बंदरातून पैसा आला तर तो सरदारांच्या वाड्यांत राहणार की मदरशासारख्या कामात लागणार, हे ठरवणे शहराच्या हातात असते. महमूद गवानने ते ठरवले होते, म्हणून निकितिनने पाहिलेल्या सरदारांची नावे विसरली गेली आणि गवानची इमारत अर्धी पडली तरी बिदर तिच्या नावाने ओळखले जाते.